पलीकडची बाजू

आमच्याकडे, म्हणजे सिस्टर्सच्या कॉन्व्हेंटमध्ये, बायबलमधली स्तोत्रं दोन बाजूंनी म्हणतात. चॅपेलमध्ये समोरासमोर दोन रांगा असतात. एका रांगेने एक कडवं म्हणायचं, ती थांबली की पलीकडच्या रांगेने पुढचं उचलायचं. पुस्तकात ओळीच्या मध्यावर एक बारीक तारा छापलेला असतो. तिथे सगळ्यांनी मिळून एक श्वास घ्यायचा आणि मग उरलेली अर्धी ओळ. नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतांआधीच्या शिकण्याच्या काळात, हा श्वास शिकायला मला फार दिवस लागले. मी ताऱ्यावरून तशीच पुढे जायचे आणि त्या शांततेत माझा एकटीचा आवाज उघडा पडायचा. शेजारी उभ्या असलेल्या वयस्कर सिस्टर मान न वळवता माझ्या पुस्तकावर बोट ठेवायच्या. इथे थांब. क्षणभराने बोट उचलायच्या. आता चल. त्या बोटाचं नख मधोमध चिरलेलं होतं, कधीकाळी शिवणाची सुई लागून. अजूनही पानावर तारा दिसला की मला ते नख दिसतं.

तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी अशीच रांगेत उभी होते आणि तोंडातून शब्द फुटेना. घसा बसला नव्हता, रडूही आलं नव्हतं. मरियेचं गीत आलं, ‘माझा जीव प्रभूला थोर मानतो’, आणि मी नुसते ओठ हलवले. पहिली व्रतं घेऊन तेव्हा २२ वर्षं झाली होती. म्हणजे ते गीत मी आठ हजारांवर संध्याकाळी म्हटलं होतं. त्या दिवशी ते दुसऱ्या कुणाचं तरी पत्र चुकून माझ्या हातात आल्यासारखं वाटलं. आमची बाजू थांबली, पलीकडच्यांनी उचललं, प्रार्थना संपली, दिवे मालवले गेले. कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग कित्येक महिने तेच.

कारण सांगायचं तर बदली. आज्ञापालनाचं व्रत घेतलेल्या बाईला बदलीचं पत्र नवं नसतं. पत्र आलं की पेटी भरायची, एवढंच. याआधी मी तीनदा भरली होती. या वेळी मात्र १६ वर्षं ज्या शिकवण्याच्या कामात जीव ओतला होता, ते वर्षाच्या मध्येच सोडून वृद्ध आणि आजारी सिस्टर्सच्या घरी जायचं होतं, आणि मला आधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेने, २८ ऑक्टोबर १९६५ ला संन्यस्त जीवनाच्या नूतनीकरणाविषयी जो आदेश काढला, त्यात सुपिरिअरने, म्हणजे संघाच्या प्रमुखाने, आपल्या लोकांचं मोकळ्या मनाने ऐकून घ्यावं, असं स्पष्ट म्हटलं आहे. मला विचारायला हवं होतं, असं मी आजही म्हणते. कृतज्ञतेविषयी लिहिताना हे आधी सांगून टाकते, कारण ‘कृतज्ञ राहा’ या दोन शब्दांनी आमच्या घरांत पुष्कळ जणींची तोंडं बंद झालेली मी पाहिली आहेत. दुखलं असेल तर ते बोललंच पाहिजे. मीही बोलले, उशिरा का होईना. ते ऐकून घेतलं गेलं. बदली मात्र तशीच राहिली.

त्या घराशी माझं जुनं नातं होतं. माझं नोव्हिशिएट तिथेच झालं होतं. मुली येईनाशा झाल्या, म्हाताऱ्या सिस्टर्स वाढल्या, तेव्हा नोव्हिसांच्या खोल्यांना कठडे बसवून ते वृद्धांचं घर झालं. पहिल्याच रात्री मला ज्यांच्या खोलीची जबाबदारी मिळाली, त्या सिस्टर म्हणजे ते चिरलेलं नख. मी ओळखलं, त्यांनी नाही. त्यांची स्मृती बरीचशी गेली होती. पांघरूण सारखं करताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, “तू इथलीच का गं?”

मला उत्तर देता आलं नाही. मी पांघरूण सारखं करत राहिले.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रिअस नावाचा एक संन्यासी राहत होता. त्याने या दुखण्याला नाव दिलं आहे. ग्रीकमध्ये त्याला अकेडिया म्हणतात. मराठीत ‘आळस’ म्हणून भागवतात, पण आळशी माणूस निदान स्वस्थ तरी असतो. इव्हाग्रिअस त्याला भरदुपारचा सैतान म्हणतो. ९१ व्या स्तोत्रात भर दुपारी येणाऱ्या अरिष्टाचा उल्लेख आहे, त्याच्या ग्रीक भाषांतरातून हे नाव आलं. हा सैतान सकाळी दहाच्या सुमाराला येतो आणि दोनपर्यंत ठाण मांडतो, असं त्याने लिहिलं आहे. सूर्य जागचा हलत नाही, दिवस ५० तासांचा वाटतो. संन्यासी सारखा खिडकीकडे बघतो, झोपडीबाहेर डोकावतो. मग त्याला ती जागा नकोशी होते, ते काम नकोसं होतं, ते जीवनच नकोसं होतं. बांधवांमध्ये आता प्रेमच उरलेलं नाही असं वाटायला लागतं. नुकतंच कुणी दुखावलेलं असेल तर सैतान तेही हाताशी धरतो. मग घरच्यांची आठवण, जुन्या आयुष्याची आठवण, आणि पुढे केवढं लांबलचक आयुष्य पडलं आहे त्याचं चित्र.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. माझ्या मनातली वाक्यं सोळाशे वर्षांपूर्वी कुणी तरी लिहून ठेवली होती, आणि तीही त्याच क्रमाने. आधी जागा, मग काम, मग माणसं. कुणाचंच कुणावर प्रेम नाही, हे तर मी रोज दुपारी औषधांच्या गोळ्या डब्यांत घालताना मनाशी घोकत होते.

इव्हाग्रिअसने दिलेला त्यावरचा इलाज साधा आहे: जागा सोडू नको. पण त्याबरोबर त्याने आणखी एक सांगितलं आहे, आणि ते मला फार उशिरा उमगलं. अकेडिया आली की रडत रडत आपल्या जिवाचे दोन भाग करावेत, एकाने धीर द्यावा आणि दुसऱ्याने तो घ्यावा. त्यासाठी तो ४२ वं स्तोत्र म्हणायला सांगतो: ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ माणूस एकटाच झोपडीत बसला आहे, म्हणून त्याला आपल्यातूनच दोन बाजू कराव्या लागतात. माझ्यासमोर तर दुसरी बाजू रोज सकाळ-संध्याकाळ उभी होती. हाडामांसाची, खोकणारी, चष्मा शोधणारी. मी गप्प होते तेव्हा स्तोत्र एकदाही अर्ध्यावर थांबलं नव्हतं. हे मला दिसत होतं आणि तरीही त्याचा अर्थ कळत नव्हता.

३० नोव्हेंबर २०१४ ते २ फेब्रुवारी २०१६ हे पोप फ्रान्सिस यांनी समर्पित जीवनाचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. त्या वेळच्या पत्रात त्यांनी आम्हाला भूतकाळाकडे कृतज्ञतेने पाहायला सांगितलं होतं. तेव्हा मी त्यावर मुलींना छान बोलले होते. पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, म्हटलं की मी नेहमी एकच गोष्ट सांगायची: सतरा वर्षांची मी, एक शांत दुपार आणि आतून आलेली हाक. माझी सगळी कृतज्ञता त्या एका हाकेला बांधलेली होती. हाक ऐकू येईनाशी झाली तशी कृतज्ञताही गेली. चूक कुठे झाली ते आता कळतं. हाक एकदाच आली होती. त्यानंतरची सगळी वर्षं मला माणसांनी सांभाळलं होतं, आणि त्या माणसांना माझ्या गोष्टीत जागाच नव्हती.

कृतज्ञ हा शब्द मी शाळेत फोड करून शिकवला आहे. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. त्यात भावनेचा उल्लेखही नाही. आपल्यासाठी काय केलं गेलं ते ज्याला ठाऊक आहे, तो कृतज्ञ. आणि कृतघ्न म्हणजे त्या केलेल्याचा घात करणारा. मी भावनेची वाट बघत बसले होते. ठाऊक करून घ्यायचं काम तसंच पडून होतं.

ते काम योगायोगाने हाती आलं. योगायोग हा तुमचा शब्द, माझा वेगळा आहे. घराचं क्रॉनिकल लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. प्रत्येक घरात अशी वही असते. कोण आलं, कोण गेलं, कोण आजारी, कुणाचा वाढदिवस, पाऊस कधी लागला. कसं लिहितात ते बघावं म्हणून मी जुन्या वह्या काढल्या आणि साहजिकच माझ्या नोव्हिशिएटचं वर्ष उघडलं. त्या वर्षी मला टायफॉइड झाला होता. आठवतं ते एवढंच: ताप, कपाळावरची ओली पट्टी आणि आम्हा नोव्हिसांना शिकवणाऱ्या नोव्हिस मिस्ट्रेसचा चेहरा. वहीत मात्र १४ रात्रींचा हिशेब होता. रोज एक ओळ. ‘नोव्हिसला ताप उतरला नाही. रात्री जागायला’ आणि पुढे दोन नावं. दोघी दोघींनी जागून १४ रात्री काढल्या होत्या. त्या दिवसा शाळेत शिकवत, दवाखान्यात उभ्या राहत, शंभर माणसांचे कपडे इस्त्री करत. पाचव्या रात्रीच्या ओळीत एक नाव खोडून दुसरं घातलं होतं आणि समासात लिहिलं होतं, ‘हिची जागायची पाळी परवा झाली, आज झोपू द्या’.

सगळी मिळून आठ नावं होती. त्यांतल्या पाच जणी आता कबरीत आहेत. एकीचं आणि माझं पुढे एका घरात अजिबात पटलं नाही. वर्षभर आम्ही कामापुरतंच बोललो आणि अबोल्यातच माझी बदली झाली. तिचं नाव तीनदा होतं. तिने मला ते कधीच सांगितलं नाही. भांडतानाही नाही. सहज बोलून गेली असती तर मी गप्प झाले असते, हे तिला कळत नव्हतं असं मला वाटत नाही.

त्या वहीवर मी किती वेळ बसले ते आठवत नाही. अश्रू वगैरे काही आले नाहीत. पण एक गोष्ट बदलली. प्रेम उरलेलं नाही, असं मनाशी घोकायला त्या दुपारपासून जमेना, कारण माझ्यापुढे शाईत लिहिलेला पुरावा होता आणि तो शिक्षिकेच्या मनाला नाकारता येत नव्हता.

तेव्हापासून मी संत बेनेडिक्टने मठातल्या संन्याशांसाठी लिहिलेली नियमावली नव्याने वाचू लागले. आमचा संघ त्याच्या परंपरेतला नाही, पण सहाव्या शतकातल्या त्या ७३ प्रकरणांची सावली आम्हा सगळ्यांवर आहे. त्यात एक ५८ वं प्रकरण आहे, नव्या माणसाला संघात कसं घ्यावं याचं. दार ठोठावणाऱ्याला लगेच आत घेऊ नका, चार-पाच दिवस टिकतो का बघा. मग दोन महिन्यांनी नियमावली वाचून दाखवा, पुढे सहा महिन्यांनी पुन्हा, पुढे चार महिन्यांनी पुन्हा. हे सगळं मिळून वर्ष होतं, आणि आजही चर्चच्या कॅनन कायद्याने नोव्हिशिएट १२ महिन्यांचं तरी लागतंच. व्रतं घेताना त्याने आपल्या हाताने लिहून तो कागद वेदीवर ठेवायचा आणि ११९ व्या स्तोत्रातली ओळ म्हणायची: प्रभू, तुझ्या वचनाप्रमाणे माझा स्वीकार कर, म्हणजे मी जगेन. ती त्याने तीनदा म्हणायची, आणि सगळ्या संघाने त्याच्यामागून तीनदा.

आधी हे वाचलं होतं तेव्हा माझी नजर त्या एकट्या माणसावर असायची. आता ती मागच्या माणसांवर जाते. तेच शब्द ते का म्हणतात? त्यांची व्रतं तर कधीच झालेली आहेत. त्यांतला एखादा त्या सकाळी माझ्यासारखा नुसते ओठ हलवत असेल, आणि नव्या माणसाच्या आवाजाच्या आधाराने ती ओळ त्याच्याही तोंडून पुन्हा एकदा निघत असेल. त्यानंतर नवा माणूस एकेकाच्या पायाशी पडून प्रार्थना करा म्हणून विनवतो. आमच्याकडे आजीवन व्रतांच्या वेळी जमिनीवर पालथं पडायचं असतं आणि वरून संतांची लितानी, म्हणजे एकेका संताचं नाव घेऊन केलेली विनवणी, म्हटली जाते. मला त्या फरशीचा गारवा आठवतो, आणि वरून जाणारे आवाज. तेव्हा मी एकेका संताचं नाव मोजत होते. त्या नावांनंतर ‘आमच्यासाठी विनंती कर’ असं जे म्हणत होते ते कोण होते, इकडे माझं लक्षच नव्हतं.

याच प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे. नव्या माणसाचे अंगावरचे जुने कपडे काढून घेतल्यावर ते टाकून देत नाहीत, कपाटात जपून ठेवतात. कधी त्याने जायचं ठरवलंच, तर ते कपडे त्याचे त्याला मिळावेत म्हणून. माझ्या कोरड्या महिन्यांत याची मला फार मदत झाली. आम्हाला आजीवन व्रतांआधी तात्पुरत्या व्रतांची निदान तीन वर्षं मिळतात, पुष्कळांना सहा. मला कुणी कोंडलेलं नव्हतं. माझे कपडे कपाटात होते, आणि रोज सकाळी मी ते तिथेच ठेवत होते. त्या दिवसांत राहणं म्हणजे एवढंच होतं. भावना नसलेलं ते राहणं देवाच्या हिशेबात कमी भरलं असेल, असं मला आता वाटत नाही.

तेराव्या प्रकरणातलं एक वाक्य मात्र मी कुणाही संन्यस्त माणसाला पाठ करायला सांगेन. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेच्या शेवटी प्रमुखाने प्रभूची प्रार्थना सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने म्हणावी, कारण घरात काटे उगवत असतात. ‘आम्ही जशी क्षमा करतो तशी आम्हाला क्षमा कर’ हे शब्द दिवसातून दोनदा प्रत्येकाच्या कानावर पडावेत, यासाठी. काटे उगवतात हे त्याने गृहीतच धरलं आहे. न उगवणाऱ्या घराचं स्वप्न त्याने रंगवलं नाही. मी मात्र २२ वर्षं ते स्वप्न उराशी धरून होते, आणि प्रत्येक घरात काटा टोचला की वाटायचं, हे घर खोटं आहे.

दिवसाचं काम तेच राहिलं. गोळ्या, अंघोळी, कूस बदलणं. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेझाने तरुणपणी सिस्टर सेंट-पिएर नावाच्या एका म्हाताऱ्या, कुरकुऱ्या सिस्टरला रोज संध्याकाळी हाताला धरून चॅपेलमधून जेवणघरात नेलं होतं. ती जोरात चालते म्हणून ओरडा खायचा, हळू चालली तरी खायचा. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी तेरेझाला दुरून संगीत ऐकू आलं, आणि डोळ्यांसमोर उजळलेला दिवाणखाना आणि नटलेल्या मुली आल्या. त्या सुखाशी ती आपली अंधारी पडवी बदलायला तयार नव्हती, असं तिने लिहून ठेवलं आहे. ती २४ व्या वर्षी, १८९७ मध्ये वारली. तिच्या वयात मी हे वाचून भारावले होते. आता मला त्या कुरकुऱ्या सिस्टरविषयी जास्त वाटतं. तिच्यावाचून तेरेझाला ती संध्याकाळ मिळाली नसती.

माझ्या सिस्टरना रोज चाकांच्या खुर्चीतून चॅपेलमध्ये नेते. त्यांना दिवस कळत नाही, माझं नाव कळत नाही. स्तोत्र सुरू होऊन त्यांची बाजू आली, की मात्र त्या बरोबर उचलतात. ताऱ्यावर थांबतात. गेल्या पावसाळ्यात एकदा मी दमून ओळ चुकले, तर मान न वळवता त्यांनी माझ्या पुस्तकावर बोट ठेवलं. पान निराळं होतं, ओळही निराळी. बोट तेच.

दर शुक्रवारी रात्रीच्या प्रार्थनेत ८८ वं स्तोत्र येतं. सगळ्या स्तोत्रांत हेच एक असं, की शेवटपर्यंत उजाडत नाही. संपतं तेही अंधारावरच. आनंदात असलेल्या माणसालाही ते म्हणावं लागतं. नोव्हिस असताना मी विचारलं होतं की आपण सुखात असताना खोटं का म्हणायचं. तेव्हा मिळालेलं उत्तर साधं होतं: आज कुणाची तरी तशी रात्र असेल, तिच्यासाठी म्हण. माझ्या त्या महिन्यांत पलीकडच्या बाजूच्या बायकांनी दर शुक्रवारी ते माझ्यासाठी म्हटलं. माझं नाव न घेता, बहुतेक न जाणताही.

या वर्षी माझ्या व्रतांना २५ वर्षं झाली. सकाळी मिस्सेत मी व्रतांचं नूतनीकरण केलं, वहीतली आठ नावं मनात म्हटली, ते तीनदा आलेलं नाव तीनदा. ती दुसऱ्या घरी असते. तिला मी पत्र लिहिलं होतं, १४ रात्रींविषयी. तिचं उत्तर आलं, पण ते आमच्या दोघींतच राहू दे.

संध्याकाळी सिस्टरना खोलीत आणलं. पांघरूण घालत होते, तर मनगट धरलं.

“तू इथलीच का गं?”

“हो सिस्टर. इथलीच.”

“मग बरं.” थोडा वेळ गेला. “मग उठ की. घंटा झाली.”

घंटा झाली नव्हती. रात्रीच्या प्रार्थनेला अजून अर्धा तास होता. शुक्रवार होता. मी खुर्ची त्यांच्या पलंगासमोर ओढली, पुस्तक उघडलं, ८८ वं स्तोत्र काढलं, पहिली अर्धी ओळ म्हटली आणि ताऱ्यापाशी थांबले.